आठ बोअर आणि म्हातारीचा निरोप

मुलांनो, आधी एक छोटेसे काम करा. कागदावर तुमचे आजचे वय लिहा आणि त्यात तीस मिळवा. समजा बेचाळीस आले. आता त्या बेचाळीस वर्षांच्या माणसाची कल्पना करा. कदाचित त्याला टक्कल पडले असेल, कदाचित तिला दोन मुले असतील. त्या माणसाला तहान लागली आहे आणि तो नळाखाली पेला धरतो आहे. त्या नळातून काय येणार, ते ठरवायची सभा मात्र आज दुपारी आहे, आणि तिथे बोलायला तुम्हाला बोलावले आहे. मोठी माणसे गप्प होऊन तुमच्याकडे बघत आहेत. काय बोलाल?

मान्सा ओटू नावाच्या मुलीवर अशीच वेळ आली होती. तिची ही गोष्ट अजून घडलेली नाही. वीस-पंचवीस वर्षांनी घडू शकेल, अशी आहे.

मान्सा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या घाना देशातली. नकाशात एसुआनो शोधू नका, ते गाव मी गोष्टीसाठी वसवले आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नारळाची झाडे, मध्ये पत्र्याची घरे. घानात दर चार वर्षांनी निवडणूक होते, लोक मत देतात, हरलेले सरकार घरी जाते आणि जिंकलेले खुर्चीवर बसते. याचा तिथल्या लोकांना अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा.

पण एक खोड राहून गेली होती. ती आपल्याकडेही सापडेल. नवे सरकार आले की जुन्याने सुरू केलेले काम तसेच सोडून देई. एसुआनोत एका शाळेच्या भिंती कमरेइतक्या उभ्या होत्या, त्यातून लोखंडी सळया वर आल्या होत्या आणि त्यांवर लोक कपडे वाळत घालत. तिच्यापासून वीस पावलांवर दुसऱ्या शाळेचा पाया होता, तो पुढच्या सरकारचा. मुले अजून आंब्याखालीच बसत. कोणी लबाड होते असे नाही. प्रत्येकाला आपल्या चार वर्षांत काहीतरी उभे करून दाखवायचे होते. आणि शाळा, नदी, जंगल यांना चार वर्षे पुरत नाहीत.

शेवटी देशाने एक कायदा केला. सगळ्या पक्षांनी मिळून तीस वर्षांची योजना आखायची. सरकार कोणाचेही येवो, योजना चालू राहील. एखाद्या जिल्ह्याला ती मोडायचीच असेल तर मोडता येईल, लोकशाही आहे, पण आधी म्हातारीचे ऐकून घ्यावे लागेल.

ही म्हातारी म्हणजे एक यंत्र. तिचे सरकारी नाव लांबलचक होते, ते कोणालाच पाठ नव्हते. त्या भागात जुनी रीत आहे: पंचांचे एकमत होईना की ते उठून बाजूला जातात आणि म्हणतात, "अबेरेवाला विचारून येतो." अबेरेवा म्हणजे म्हातारी. बाजूला कोणी म्हातारी बसलेली नसते. घाईने बोलू नये, जरा जास्त आयुष्य बघितलेल्या डोक्याने विचार करावा, एवढाच त्याचा अर्थ. लोकांनी यंत्राला तेच नाव दिले.

म्हातारी भविष्य सांगत नसे, हे नीट लक्षात ठेवा. तिच्या पोटात सगळा देश आकड्यांच्या रूपात होता: नद्या, पाऊस, रस्ते, जन्मलेली मुले, बिघडलेले पंप, अगदी रुसलेले मंत्रीसुद्धा. एखादा निर्णय तिला सांगितला की ती पुढची तीस वर्षे चालवून बघे. एकदा नाही, हजार वेळा. एकदा पाऊस थोडा जास्त धरे, एकदा कमी, एकदा सरकार बदले, एकदा टिके. मग ती सांगे, हजारपैकी इतक्या वेळा असे झाले. बस्स. ठरवायचे माणसांनी.

आणि तिचे म्हणणे सभेत वाचून दाखवायचे काम कायद्याने मुलांना दिले होते. तीस वर्षांनंतर जो तिथे राहणार, त्यानेच बोलावे म्हणून. त्या वर्षी एसुआनो जिल्ह्याची चिठ्ठी मान्साच्या नावाने निघाली. ती बारा वर्षांची होती.

*

प्रश्न पाण्याचा होता. साठ किलोमीटरवरच्या धरणातून एसुआनोला नळ आणायचे काम योजनेत होते. पाच वर्षे झाली होती, सात बाकी होती. तोपर्यंत टँकर. मान्साची आई एकुआ केंकी विकत असे. केंकी करायची तर मका दोन दिवस भिजवायचा, दळायचा, पीठ आंबवायचे, मग केळीच्या वाळक्या पानांत गुंडाळून उकडायचे. प्रत्येक पायरीला पाणी, तेही गोडे. पहाट झाली की एकुआ पिवळे कॅन घेऊन टँकरच्या रांगेत उभी राही. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता.

जिल्हा सभेचे सदस्य बाइडू यांनी यावर तोडगा काढला. तिथे सदस्यांना 'ऑनरेबल' म्हणतात, आणि या ऑनरेबलना ते ऐकायला फार आवडे. ते म्हणाले, नळाच्या कामावरची यंत्रे आणि माणसे इकडे आणा, गावातच आठ खोल बोअर मारा, दिवसरात्र पंप चालवा. चार महिन्यांत घरोघर पाणी! बोअर मारायची गाडी येऊन शाळेच्या मैदानात उभीसुद्धा राहिली होती.

सभेच्या आदल्या दिवशी कारकून टेटे यांनी मान्साला म्हातारीचा कागद आणून दिला. कागदावर तीनच ओळी होत्या.

"आठ बोअर दिवसरात्र चालवले, तर हजारपैकी आठशे सत्तर वेळा अकरा वर्षांच्या आत सगळे खारे होतात. खारे झाले की पुढची तीस वर्षे पाणी पुन्हा गोडे होत नाही, आणि धरणाचा नळ वीस वर्षांच्या आत येत नाही. दोनच बोअर मारले, दिवसातून पाच तास चालवून बाकी वेळ बंद ठेवले आणि नळाचे काम थांबवले नाही, तर हजारपैकी साठच वेळा खारे होतात."

"असं कसं होईल?" मान्साने विचारले. "बोअर तर गावात आहेत, समुद्रात नाहीत."

टेटे यांनी चष्मा पुसला. ते कमी बोलत, पण समजावून सांगायला त्यांना आवडे. त्यांनी एका काचेच्या पेल्यात पाणी घेतले. दुसऱ्या भांड्यात मीठ आणि लाल रंग घालून ते पाणी नळीने हळूच पेल्याच्या तळाशी सोडले. लाल थर खाली बसला, वर स्वच्छ पाणी तरंगत राहिले.

तुम्हीही हे घरी करून बघा. खारे पाणी जड असते. समुद्राच्या चाळीस बादल्यांचे वजन गोड्या पाण्याच्या एक्केचाळीस बादल्यांइतके भरते. किनाऱ्यावरच्या जमिनीखाली असेच दोन थर असतात: खाली समुद्राचे पाणी, वर पावसाचे. वरच्या थराच्या वजनाने खालचा थर दबून राहतो. वरचे पाणी समुद्राच्या पातळीपेक्षा एक हात उंच असेल, तर खारे पाणी सुमारे चाळीस हात खाली दाबलेले असते. आता याचे उलट करा. पंपाने ओढून वरचे पाणी एकच हात उतरवा. खालचे किती वर सरकेल?

"चाळीस हात," मान्सा म्हणाली.

"लगेच नाही. वर्षानुवर्षं हळूहळू," टेटे म्हणाले. "म्हणून तर कोणाला दिसत नाही. पहिली दहा वर्षं पाणी साखरेसारखं लागतं."

*

संध्याकाळी एकुआ पीठ मळत होती. मान्साने तिला विचारले, "आई, बोअर खारे झाले तर केंकीचं काय होईल?"

"पीठ नीट आंबणार नाही. गिऱ्हाईक तोंडावर फेकेल." एकुआने हात थांबवला. "का? काय लिहिलंय त्या कागदात?"

कायद्याप्रमाणे कागद सभेआधी कोणाला दाखवायचा नव्हता. मान्साने कागद पाठीमागे धरला. पण आई ती आई.

"हे बघ मान्सा, तुझी ती म्हातारी कधी रांगेत उभी राहिली आहे का? तिला खांदा आहे का? तीस वर्षांनी मी कुठे असेन ते देवाला ठाऊक. मला उद्याचा मका भिजवायचाय." मग जरा हळू आवाजात ती म्हणाली, "आठ दिवसांत दोनदा चक्कर आली मला रांगेत. तुला सांगितलं नव्हतं."

ती उठली आणि मामाकडे गेली.

तिचा मामा कोबिना गावच्या प्रमुखाचा ओक्येआमे होता. ओक्येआमे म्हणजे प्रमुखाच्या वतीने बोलणारा माणूस. प्रमुख कधी लोकांशी थेट बोलत नाही. तो ओक्येआमेच्या कानात सांगतो आणि ओक्येआमे ते सभेला सांगतो, पण जसेच्या तसे नाही. कडवट शब्द मऊ करून, ऐकणाऱ्याचा मान राखून. त्या कलेत कोबिनाचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. एखाद्याबद्दल प्रमुख म्हणाला, "हा गाढव आहे," तर कोबिना सांगे, "प्रमुख म्हणतात, या भावाची सावकाश चाल आम्हाला माहीत आहे."

"वोफा," मान्सा म्हणाली. तिच्या भाषेत मामाला वोफा म्हणतात. "वाईट निरोप कसा सांगायचा?"

"वाईट निरोप नसतोच, पोरी. वाईट सांगणारा असतो." मामा हसला. "प्रमुख वारले तर आपण काय म्हणतो? 'ते मळ्यावर गेलेत.' मरण हा शब्द तोंडातून जाऊ द्यायचा नाही. ऐकणाऱ्याच्या अंगावर दगड टाकायचा नाही, त्याच्या हातात ठेवायचा. लहान तोंडाने तर जास्तच जपून."

मान्साला हायसे वाटले. आईलाही दुखवायचे नाही आणि खोटेही बोलायचे नाही, असा रस्ता निघाला होता. ती उशिरापर्यंत मामाजवळ बसून वाक्ये जुळवत राहिली. मामाने कागदात काय आहे ते विचारले नाही, फक्त आवाज कुठे खाली आणायचा ते शिकवले.

*

सभेच्या दिवशी खिडक्यांतूनही डोकी दिसत होती. कोबिना प्रमुखाच्या वतीने कडेच्या बाकावर बसला होता. एकुआ टोपली बाहेर ठेवून दारात उभी होती.

"या, या, आमच्या छोट्या ऑनरेबल!" बाइडू म्हणाले आणि सगळे हसले. "सांगा, आजीबाई काय म्हणतात?"

मान्सा उभी राहिली. कागद तिच्या हातात होता, पण तिने त्याच्याकडे पाहिले नाही.

"मोठ्यांना नमस्कार. म्हातारी म्हणते, एसुआनोची तहान खरी आहे आणि ती भागवायची इच्छा चांगली आहे. ती म्हणते, जमिनीखालच्या पाण्यावर हात हळुवार ठेवावा. समुद्र आपला वडीलधारा आहे, त्यालाही आपल्या अंगणात यावंसं वाटतं. आणि ती म्हणते, धरणाच्या वाटेवर जे पाऊल टाकलंय, त्याचा विसर पडू नये."

मग टाळ्या पडल्या. एक म्हातारे सदस्य डोळे पुसत म्हणाले, "वा! कोबिनाची भाची शोभते." कोबिनाचा चेहरा फुलला.

"ऐकलंत?" बाइडू उठले. "म्हातारीसुद्धा म्हणते, इच्छा चांगली आहे! समुद्राचा मान आपण राखूच, पहिल्या पाण्याचा पेला त्यालाच वाहू. आणि धरणाला कोण विसरतंय? पुढच्या निवडणुकीनंतर बघू. घ्या मतं."

हात वर झाले. मान्साने मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. जवळजवळ सगळेच होते. आठ बोअर मंजूर झाले.

फक्त एक गोष्ट बाकी होती. जेवणाच्या सुट्टीत टेटे यांनी सभेची नोंद लिहून काढायची आणि त्याखाली मान्साने सही करायची: 'म्हातारीने जे सांगितले तेच मी सभेला सांगितले.' त्या सहीशिवाय ठराव पक्का होत नसे.

बाहेर ढोल सुरू झाला. बोअरच्या गाडीवर पोरे चढली. एकुआ गर्दीतून आली, तिने मान्साला कवटाळले आणि केंकीचा गरम गोळा तिच्या हातावर ठेवला. "चार महिने! फक्त चार महिने, मान्सा!" तिला इतके हसताना मान्साने कित्येक दिवसांत पाहिले नव्हते. मान्साने केंकी पानात परत गुंडाळली.

ती मामापाशी गेली. तो सावलीत उभा राहून लोकांकडून कौतुक घेत होता.

"वोफा, प्रमुख मळ्यावर गेलेत असं तुम्ही सांगता, तेव्हा कोणी त्यांच्यासाठी डबा पाठवतं का?"

"वेडी आहेस का? सगळ्यांना माहीत असतं ते काय ते."

"कसं माहीत असतं?"

"कसं म्हणजे? पिढ्यान्पिढ्या तसंच म्हणतात. लहान पोरालाही कळतं."

"मग आज मी जे म्हणाले, त्याच्या खाली काय होतं ते कोणाला कळलं?"

मामाचे हसू थांबले. मान्साने कागद त्याच्या हातात दिला. आता तो दाखवायला हरकत नव्हती. मामाने तीन ओळी वाचल्या. मग पुन्हा वाचल्या. कौतुक करायला आलेल्या माणसाकडे त्याने वळूनही पाहिले नाही.

एकुआ त्यांच्यामागे येऊन उभी राहिली होती. "काय झालं?"

मान्साने तिला सांगितले. मऊ न करता, आकड्यांसकट.

एकुआने बोअरच्या गाडीकडे पाहिले. "हजारातले आठशे सत्तर," ती म्हणाली. "मग उरलेले एकशे तीस आपले असतील."

"आणि नसले तर?"

"तर अकरा वर्षं तरी माझा खांदा सुटेल! सही कर, मान्सा." तिचा आवाज चिरकला. "तू काय वाईट सांगितलंस? टाळ्या वाजवल्या त्यांनी. सही कर आणि घरी चल."

"आई, दोन बोअर मारायला म्हातारीची ना नाही. पाच तास पाणी येईल. रांग अर्धी होईल. ते मी सांगितलंच नाही. 'बंद ठेवा' म्हणायचं जिवावर आलं माझ्या."

"अर्धी," एकुआ म्हणाली. "माझ्या वाट्याला नेहमी अर्धीच."

आई खोटे बोलत नव्हती. तेवढ्यात आत घंटा वाजली.

टेटे यांनी वही उघडून समोर ठेवली आणि पेन दिले. मान्साने लिहिलेले वाचले. सगळे तिचेच शब्द होते, एकही चुकलेला नव्हता. हळुवार हात. वडीलधारा समुद्र. विसर पडू नये. तेवीस वर्षांच्या मान्साने खारट पाण्याने भरलेला पेला हातात धरून ही वही उघडली, तर तिला यातून काय कळेल?

"सही," बाइडू हसत म्हणाले. "लोक खोळंबले आहेत."

मान्साने पेन खाली ठेवले.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली. आवाज इतका लहान आला की मागच्यांनी "काय? काय?" केले. ती टेबलाला वळसा घालून सभेच्या मधोमध आली. दारात आई होती, तिच्याकडे पाहिले तर बोलता येणार नाही हे तिला माहीत होते, म्हणून तिने फक्त कागदाकडे पाहिले.

"मी चुकले. म्हातारी असं म्हणालीच नाही. ती म्हणाली, आठ बोअर दिवसरात्र चालवले, तर हजारपैकी आठशे सत्तर वेळा अकरा वर्षांच्या आत सगळे खारे होतात. खारे झाले की पुढची तीस वर्षं पाणी पुन्हा गोडं होत नाही..."

तीनही ओळी तिने वाचल्या. 'बंद' हा शब्दही वाचला. बाहेरचा ढोल थांबला होता, की कोणी थांबवला होता?

"बस खाली!" बाइडूंचा चेहरा घामाने भिजला होता. "घाबरवतेय सगळ्यांना. ओक्येआमे, ही तुमची भाची ना? जरा माणसांच्या भाषेत सांगा बघू आम्हाला, काय म्हणायचंय हिला ते."

सगळे कोबिनाकडे वळले. तो सावकाश उठला. चाळीस वर्षांत त्याच्यावर शब्द शोधायची वेळ आली नव्हती.

"याला माझ्याकडे दुसरे शब्द नाहीत, ऑनरेबल," तो म्हणाला. "तिने सांगितलं तसंच आहे."

कुजबुज वाढत गेली. कोणी म्हणाले पुन्हा मत घ्या, कोणी म्हणाले पोरीला बाहेर काढा. मागून एका बाईने ओरडून विचारले, "किती म्हणाली? किती वर्षांत?" मान्साने वर पाहिले. विचारणारी दारातून पुढे आली होती. उजवा खांदा खाली गेलेला, ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत राग. ती एकुआ होती. तिला उत्तर आधीच माहीत होते; विचारले ते सगळ्यांनी ऐकावे म्हणून.

मान्साने कागद दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि सर्वांत मागच्या खिडकीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचू लागली.